सांताक्रूझचा भार आणि उलव्याची वाट

गोरेगाव पूर्वेस अलीकडे उभ्या राहिलेल्या एखाद्या उत्तुंग इमारतीच्या वरच्या मजल्यावरून रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेकडे पाहिले, तर आरे वसाहतीच्या काळोख्या झाडीपलीकडे, पवईच्या टेकड्यांच्या माथ्यावर दिव्यांची एक रांग सारख्या अंतराने उजवीकडे सरकत खाली उतरताना दिसते. एक दिवा घरांच्या आड बुडतो न बुडतो तोच मागचा त्याच्या जागी आलेला असतो, आणि हा क्रम पहाटेपर्यंत चालू राहतो. वाशीच्या खाडीवरून येत, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून सरपटत जाऊन सांताक्रूझला टेकणारी ही विमाने होत. गच्चीवरून पाहणाऱ्यास रांग दिसते ती उतरणाऱ्यांचीच. दर दोन दिव्यांमध्ये जे मोकळे अंतर राखलेले असते, तेवढ्या अवधीत दुसरे एक विमान त्याच धावपट्टीवरून जुहूच्या समुद्राकडे निघून गेलेले असते, हे त्याच्या ध्यानात येण्याचे कारण नाही. मुंबईला कोणते विमान येणार, केव्हा येणार, आणि कोल्हापूर, नांदेड वा सिंधुदुर्ग या गावांच्या वाट्याला काही येणार की नाही, याचा निवाडा त्या मोकळ्या अंतराच्या हिशेबावर होत असतो.

दप्तरी नोंद पाहावी तर मुंबईच्या विमानतळास धावपट्ट्या दोन आहेत. एक पूर्व-पश्चिम, दुसरी वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी. परंतु या दोन पट्ट्या एकमेकींना छेदून जातात, आणि एकीवरून विमान धावत असता दुसरीवरून सोडणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे असल्यामुळे, व्यवहारात त्या दोन पट्ट्यांची किंमत जवळजवळ एकाच पट्टीइतकी राहते. अशा या एकाच पट्टीवरून ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या ऐन गर्दीत, चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे दिवसरात्र न थांबता सरासरी दर चौऱ्याऐंशी सेकंदांस एक विमान चढले अथवा उतरले. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमाने ही जी मर्यादा होती, ती २०२४ च्या आरंभी ४४ वर आणण्यात आली, कारण विमाने आकाशात घिरट्या घालीत इंधन जाळू लागली होती. प्रवाशांचा आकडा मात्र खाली आला नाही. २०१८-१९ साली ४ कोटी ८८ लाख, महामारीच्या २०२०-२१ साली जेमतेम सव्वा कोटीच्या आत, आणि २०२४-२५ साली साडेपाच कोटींच्या वर, असा त्याचा चढउतार आहे. तुलनेसाठी कॅनडातील सर्वांत मोठा विमानतळ, टोरांटोचा पिअरसन, घ्यावा. तेथे धावपट्ट्या पाच आहेत आणि २०२४ सालची प्रवासीसंख्या सुमारे ४ कोटी ६८ लाख होती. पाच पट्ट्यांच्या मानाने एक पट्टी अधिक माणसे वाहून नेते, ही गोष्ट आपल्या कर्तबगारीची म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला ती तितकीच दैन्याची वाटते. शिवाय लंडनचे गॅटविक एकाच धावपट्टीवर तासाला पंचावन्नपर्यंत विमाने हाताळते, तेव्हा कर्तबगारीच्या दाव्यासही मर्यादा पडते.

ही पट्टी किती नाजूक आहे याचा प्रत्यय दर वर्षी पावसाळ्याच्या आगेमागे येतो. धावपट्टीच्या डागडुजीसाठी वर्षातून दोनदा एक दिवस मुक्रर करून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत दोन्ही पट्ट्या बंद ठेवाव्या लागतात. २०२४ साली हे दिवस ९ मे आणि १७ ऑक्टोबर असे होते. हा बंदोबस्त आधी महिनोन्‌महिने कळवलेला असल्यामुळे निभावून जातो. परंतु १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले एक विमान मुख्य पट्टी ओलांडून चिखलात रुतले, आणि ते काढून पट्टी मोकळी होईपर्यंत तीन-चार दिवस शेकडो उड्डाणे रद्द झाली वा अन्यत्र वळवावी लागली.

अशा स्थितीत विमान कंपन्यांना जी गोष्ट सर्वांत मोलाची होते ती विमान नव्हे, वैमानिकही नव्हे, तर उतरण्याची आणि उडण्याची नेमून दिलेली वेळ. तिला त्या धंद्यात ‘स्लॉट’ म्हणतात. मार्चच्या अखेरच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी हिवाळी अशी वर्षातून दोन वेळापत्रके सुरू होतात, आणि प्रत्येकापूर्वी या वेळांची वाटणी होते. ज्याने मागील मोसमात आपली वेळ बहुतांशी वापरली त्याची वहिवाट कायम राहते. ज्याने वापरली नाही त्याची जाते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली तेव्हा सांताक्रूझच्या मोकळ्या झालेल्या वेळांवर इतर कंपन्यांनी ज्या त्वरेने हक्क सांगितला, त्यावरून त्या वेळांची किंमत कळून येते. आता या वाटणीतील एक गोम सामान्य वाचकाने समजून घेण्याजोगी आहे. गोरेगावच्या जुन्या चाळींत एकाच नळावर बिऱ्हाडे रांग लावीत, तेव्हा कोणी हंडा आणो, कोणी तांब्या, नंबर एकच धरला जाई. धावपट्टीचाही हिशेब तसाच आहे. कोल्हापूरहून येणारे सत्तर आसनांचे पंख्याचे विमान आणि दिल्लीहून येणारे एकशे ऐंशी आसनांचे जेट, दोघांनाही एकेक वेळ लागते; किंबहुना मोठ्या विमानाच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात लहानाने सापडू नये म्हणून लहानास अधिक अंतर द्यावे लागते. मग मुंबई-दिल्लीसारख्या, जगातील अत्यंत गजबजलेल्या देशांतर्गत मार्गांत मोडणाऱ्या मार्गावर कमाई करणारी कंपनी आपली मौल्यवान वेळ नाशिकला, जळगावला किंवा नांदेडला का देईल? महाराष्ट्रातील लहान विमानतळांची जी हेळसांड आपल्याला दिसते, तिचे मूळ पुष्कळदा त्या गावांत नसून सांताक्रूझच्या त्या छेदबिंदूत आहे.

मुंबईने आपला विमानतळ यापूर्वी एकदा बदललेला आहे, आणि तो बदल विलक्षण सुकरतेने झाला, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. १९२८ साली जुहूच्या खाजणात एक उड्डाणतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोडहून ‘पुस मॉथ’ या एक-इंजिनी विमानातून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादेस बैलगाडीने आणलेल्या डब्यांतून इंधन भरून घेऊन ते दुपारी जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा हा पहिला नियमित मार्ग होय. परंतु जुहूचे मैदान समुद्राच्या पातळीचे. पावसाळा लागला की त्याचा चिखल होई. तेव्हा टाटांची ती चिमुकली कंपनी आपले वैमानिक, मूठभर यांत्रिक आणि विमाने घेऊन बाडबिस्तऱ्यासह पुण्यास जाई, आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेत असलेल्या एका मैदानावरून चार महिने कारभार हाके. चातुर्मासात मुक्काम हलवण्याची ही रीत आज विनोदी वाटेल, पण त्या काळी प्रवासी नव्हते, होते ते टपाल, आणि टपालाच्या थैलीला पुणे काय नि जुहू काय, सारखेच.

महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा पक्का तळ उभा राहिला, आणि युद्ध संपल्यावर नागरी वाहतूक जुहूहून तेथे आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले ते नव्या ठिकाणाहूनच. या स्थलांतरात कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही, कारण नवी जागा जुनीपासून हाकेच्या अंतरावर होती, नवी पट्टी पक्की होती, आणि मुख्य म्हणजे जुनी जागा मोठ्या विमानांसाठी बंदच झाली. एकाच कंपनीने दोन्ही ठिकाणी दुकान मांडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. दोन तळ एकमेकांच्या इतके निकट होते की त्याचा घोटाळाही झाला. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट आणि १९७२ साली जपानी कंपनीचे एक मोठे जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या पट्टीवर उतरले. कॉमेट वजन हलके करून काही दिवसांनी कसेबसे उडवून न्यावे लागले. आज जुहूला मुख्यतः मुंबई हायच्या तेलविहिरींकडे ये-जा करणारी हेलिकॉप्टरे असतात.

मुंबईस बगल देऊन देशाची वाहतूक जोडण्याचा एक प्रयोग स्वतंत्र भारताने फार लवकर करून पाहिला होता, आणि तो महाराष्ट्राच्याच भूमीवर, नागपुरास. १९४९ च्या आरंभी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळ उलटल्यावर एकेक विमान निघे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई: मुंबईच्या विमानातील दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या, कलकत्त्याची कलकत्त्याच्या. तासा-दोन तासांत सारी विमाने आपापल्या गावी परत फिरत, आणि पहाटे गिरगावात टाकलेल्या पत्राचे उत्तर तिसऱ्या दिवशी हाती पडण्याची शक्यता निर्माण होई. यातील गणित साधे, पण बुद्धिमान आहे. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक चावडी ठेवली की चारांत भागते, आणि शहरे जसजशी वाढतील तसतसा हा फायदा वाढत जातो. अमेरिकेत मेम्फिस येथे फेडरल एक्स्प्रेसने १९७३ साली रात्रीच्या पार्सलांसाठी हीच रचना केली व तिच्यावर अवाढव्य उद्योग उभा केला. सोनेगावची सेवा त्याच सुमारास, सत्तरच्या दशकात, बंद पडली. जेट विमाने आली, चारही शहरे थेट जोडली गेली, आणि मधल्या चावडीची गरज संपली. पुढे मिहान प्रकल्पाच्या रूपाने नागपुरास पुन्हा मालवाहतुकीचे केंद्र करण्याची तजवीज झाली, तिला अपेक्षित यश आलेले नाही; जुन्या यशाचे कारण भूगोल नव्हते, त्या काळच्या विमानाचा पल्ला होता, हे बहुधा योजनाकर्त्यांनी विचारात घेतले नसावे.

मुंबईच्या परदेशी वाहतुकीची चावडी आज नागपुरात नाही, ती दुबई, दोहा, अबू धाबी, फ्रँकफुर्ट, लंडन येथे आहे. गोरेगावातील असंख्य कुटुंबांना हे प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक आहे. मुलगी टोरांटोस, मुलगा मिसिसागास. बाळंतपणासाठी निघालेली आई डिंकाचे लाडू, भाजणी आणि गोडा मसाला वजनकाट्यावर दोनदा तोलून, रात्री दहा वाजता सांताक्रूझच्याच विमानतळाच्या, सहार बाजूच्या टर्मिनल २ च्या दाराशी उभी असते, आणि तिच्या पाठीशी निरोप द्यायला आलेली अर्धी इमारत. विमान निघते मध्यरात्री दोन-अडीचला. इतक्या अवेळी का, असा प्रश्न प्रत्येक निरोप देणारा विचारतो. युरोपातील अनेक विमानतळांवर रात्री उशिरा विमाने उतरवण्याची मुभा नसते. शिवाय मुंबईहून दोनला निघालेले विमान तेथे सकाळी पोहोचते, आणि अटलांटिकपलीकडे जाणारी विमाने सकाळीच सुटत असल्याने प्रवासी त्यांत भरता येतात. परतीचा प्रवासही असाच साखळीने बांधलेला असतो. म्हणजे सहारची मध्यरात्र ही मुंबईच्या सोयीने ठरत नाही, ती युरोपच्या सकाळीवरून मागे मोजून ठरते.

मुंबईला कॅनडाशी जोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जेट एअरवेजने २००७ साली ब्रुसेल्सला आपली चावडी करून मुंबईला टोरांटोशी जोडले. एअर कॅनडाने २०१७ साली टोरांटो-मुंबई थेट उड्डाण सुरू केले. दोन्ही टिकले नाहीत. एअर इंडियाची आजची कॅनडा-सेवा दिल्लीहून आहे, आणि याचे कारण वाहतुकीच्या स्वभावात शोधावे लागते. कॅनडातील भारतीय वस्तीचा मोठा हिस्सा ब्रॅम्प्टन, सरे येथील पंजाब्यांचा आहे, आणि त्यांची वाट दिल्ली-अमृतसरची. मराठी, गुजराती, कोकणी कुटुंबे विखुरलेली आहेत, ती एका विमानाची आसने रोज भरू शकत नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानच्या आकाशातून भारतीय विमानांना बंदी झाल्यामुळे दिल्लीहून उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या विमानांचाही मार्ग लांबला आणि काहींना मध्ये इंधनासाठी थांबावे लागू लागले. या मार्गाची आठवण निघाली की आणखी एक गोष्ट मनात येते, तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ समुद्रावर बाँबस्फोटाने नष्ट झालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ माँट्रियलहून लंडन, दिल्ली व मुंबई असा पल्ला गाठणारे विमान होते. त्यातील ३२९ जण मृत्यू पावले.

त्याच माँट्रियलमध्ये एक विमानतळ असा आहे की ज्याची कथा मुंबईच्या कारभाऱ्यांनी मुखोद्‌गत करून ठेवावी. शहराचा जुना विमानतळ, डोरव्हाल, अपुरा पडणार या अनुमानाने कॅनडाच्या केंद्र सरकारने १९६९ साली माँट्रियलपासून पन्नासेक किलोमीटरवर मिराबेल येथे सुमारे ९७,००० एकर जमीन ताब्यात घेतली. हजारो शेतकरी कुटुंबे घराबाहेर पडली. ऑक्टोबर १९७५ मध्ये मोठ्या समारंभाने नवा विमानतळ उघडला गेला, आणि असे फर्मान निघाले की आंतरराष्ट्रीय विमाने मिराबेलला उतरावीत, देशांतर्गत विमाने डोरव्हालला. वाचकाने क्षणभर विचार करावा. पॅरिसहून आलेल्या आणि क्यूबेक वा हॅलिफॅक्सला जायच्या प्रवाशाने मिराबेलला उतरायचे, सामान उचलायचे, मोटारीने डोरव्हालला यायचे, आणि तेथे दुसरे विमान धरायचे. नियोजित रेल्वे कधी बांधलीच गेली नाही, महामार्गाचे काम अर्धवट राहिले. प्रवाशांनी काय केले? त्यांनी पॅरिसहून टोरांटोला जायला सुरुवात केली, कारण तेथे एकाच छपराखाली विमान बदलता येई. दरम्यान विमानांचा पल्ला वाढला, आणि युरोपहून येणाऱ्या विमानांना इंधनासाठी माँट्रियलला थांबण्याची गरज उरली नाही. १९८५ पासून ताब्यात घेतलेल्या जमिनीचा बहुतेक भाग सरकारला परत करावा लागला. १९९७ साली आंतरराष्ट्रीय वाहतूक पुन्हा डोरव्हालला आली. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी मिराबेलहून अखेरचे प्रवासी विमान निघाले, आणि दहा वर्षांनी ती भव्य इमारत पाडायला घेतली. ज्यांच्या अमदानीत मिराबेल बांधले गेले त्या पंतप्रधान पिएर त्रुदो यांचे नाव २००४ साली डोरव्हालला देण्यात आले. इतिहासाचा उपरोध इतका सरळ क्वचितच असतो.

मुंबईसही आता असा दुसरा विमानतळ मिळाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत उलव्याजवळील नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. नव्वद मीटरांच्या आसपास उंचीचा एक डोंगर भुईसपाट करून, उलवे नदीचा प्रवाह वळवून, पनवेल तालुक्यातील सुमारे १,१६० हेक्टर जागेवर तो उभा राहिला आहे. दहा गावे उठवावी लागली. परंतु मिराबेलचे शेतकरी आणि उरण-पनवेलचे शेतकरी यांच्यात एक अंतर आहे, आणि ते शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावाने ओळखले जाते. सिडको या शासकीय महामंडळाने १९७० नंतर नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली तेव्हा नुसत्या रोख मोबदल्यावर रयत गप्प बसली नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान फाट्यावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची रीत महाराष्ट्रात रुजली. विमानतळासाठी ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. या विमानतळास पाटलांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला, त्याचे मर्म यात आहे.

जमिनीचा प्रश्न अशा रीतीने मार्गी लागला, तरी मिराबेलचा दुसरा प्रश्न, वाहतुकीचा, आपल्यापुढे उघडाच आहे. पहिल्या टप्प्यात उलव्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. पुढे नऊ कोटींपर्यंत नेण्याचा संकल्प. दोन समांतर, एकमेकींपासून पुरेशा दूर असलेल्या धावपट्ट्या आराखड्यात आहेत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालवता येतील. सांताक्रूझचे दुखणे येथे जन्मतःच टाळलेले आहे. परंतु सांताक्रूझ चालूच राहणार आहे, जुहूप्रमाणे बंद होणार नाही, आणि म्हणून जुहू-सांताक्रूझ स्थलांतराची सुकरता येथे लाभणार नाही. दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या व्यवस्थेखाली असल्यामुळे कोणती कंपनी कोठून उडेल यावर त्या समूहाचा प्रभाव राहील, ही गोष्ट सोयीचीही आहे आणि लक्ष ठेवण्याजोगीही. सांताक्रूझचे टर्मिनल १ पाडून नव्याने उभारण्याची तजवीज जाहीर झालेली आहे. ते घडले की लाखो प्रवाशांना उलव्याची वाट धरावी लागेल, त्यांची इच्छा असो वा नसो. माझ्या मते मिराबेलची चूक विमानतळ लांब बांधण्याची नव्हती. वाहतूक दोन ठिकाणी तोडली, आणि तोडलेली दोन टोके जोडण्याचे काम पुढे ढकलले, ही चूक होती. उलव्याबाबत तीच परीक्षा आहे.

अशा तुटीचा एक घरगुती नमुना कोकणात आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा मालवण-कुडाळकरांना, गणपतीला गावी जाणाऱ्या गोरेगाव-मालाडच्या चाकरमान्यांनाही, मोठा हर्ष झाला. ‘उडान’ योजनेखाली तिकिटाचा दर बांधून दिलेला, तूट सरकारने भरायची, आणि मार्ग तीन वर्षे एकाच कंपनीकडे. पण ५ जानेवारी २०२३ रोजी गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, सिंधुदुर्गाच्या अगदी वेशीवर, आणि तेथे मुंबईहून रोज अनेक विमाने, स्पर्धेमुळे उतरलेल्या दरांत. बांदा-सावंतवाडीचा माणूस मोपाला जाऊ लागला. चिपीची मुंबई-सेवा २०२४ मध्ये योजनेच्या मुदतीबरोबर खंडित झाली. तीस-चाळीस आसने भरून परवडणारे विमान सांताक्रूझची वेळ अडवते, हे कारण वर होतेच.

आता गोरेगावकराने आपल्यापुरता हिशेब मांडून पाहावा. आरे-जेव्हीएलआर स्थानकावरून मेट्रो ३ मध्ये बसले तर सीप्झ, एमआयडीसी, मरोळ नाका टाकून चौथे स्थानक टर्मिनल २ चे. भुयारातून सामान ओढत वर आले की विमानतळ. हीच मार्गिका पुढे टर्मिनल १ ला थांबते. उलव्याला जायचे तर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवई ओलांडून ऐरोली किंवा वाशी, अथवा दक्षिणेस शिवडीपर्यंत जाऊन जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने खाडी पार करायची. दोन्ही वाटांनी, पवईच्या रस्त्याची मर्जी सांभाळून, दीड तासापेक्षा कमी वेळ धरणे धाडसाचे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि त्यातील राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे जुळे बोगदे पूर्ण झाले की ऐरोलीचा पूल फार जवळ येईल, आणि गोरेगाव हे उलव्याच्या दृष्टीने पश्चिम उपनगरांत बऱ्यापैकी सोयीचे ठिकाण ठरेल. दोन्ही विमानतळ परस्परांशी जोडणारी मेट्रो ८ अजून कागदावरच आहे. नांदेडहून उलव्याला उतरून सहारहून परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला ती येईपर्यंत डोरव्हालची मोटारसफर घडणार. उलट, सांताक्रूझची गर्दी खरोखर उलव्याकडे सरकली, तर मोकळ्या होणाऱ्या वेळांपैकी काही कोल्हापूर, जळगाव, चिपी यांच्यासाठी राखून ठेवण्याचा नियम शासनाने आताच करावा. एकदा त्या वेळांवर वहिवाट लागली की त्या परत मागता येत नाहीत.

तूर्तास एक व्यावहारिक सूचना करतो. तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून घराबाहेर पडण्याचे दिवस गेले. बीओएम लिहिले असेल तर सांताक्रूझ-सहार, एनएमआय लिहिले असेल तर उलवे. टॅक्सी बोलावण्यापूर्वी ही तीन अक्षरे पाहून घ्यावीत, आणि निरोप द्यायला येणाऱ्या साऱ्या मंडळींनाही ती कळवावीत.